वरून साधी, आतून तिखट: गोव्यात जुनी वेगवान गाडी घेताना

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराबाहेर गाड्यांची रांग लागते, तिच्यात हमखास एखादी राखाडी स्कोडा ऑक्टाविया असते. कंपनीचीच चाकं, मागच्या काचेवर देवस्थानाचा स्टिकर, डिकीत नारळाचं पोतं. बाजूच्या थारकडे पोरं वळून बघतात, हिच्याकडे कोणी बघत नाही. पण हिच्यात १.८ टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल, इंजिन असेल तर बॉनेटखाली १८० पीएस (अश्वशक्ती) आहेत, आणि बांबोळीची चढण ती चार माणसं नि ते पोतं घेऊन बोलत बोलत चढते. अशा गाडीला गाडीवेडे स्लीपर म्हणतात. पायातली नव्हे, झोपलेली.

अशी गाडी जुन्या बाजारातून घेण्यात एक मेख आहे. घेणाऱ्याला जे आवडतं तेच विकणाऱ्याच्या पथ्यावर पडतं: बाहेरून काही दिसत नाही. मोठी चाकं, भला मोठा सायलेन्सर, रंगीत कॅलिपर असलेली गाडी कशी वापरली गेली हे लांबूनच कळतं. साध्या गाडीत दोन वर्षं रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला बदललेलं इंजिनाचं सॉफ्टवेअर, चालवून विकायच्या आधी काढून टाकलेला असू शकतो. त्यात गोव्याची खारी हवा आणि पाऊस. म्हणून या गाडीत किती दम आहे हे बघायला फार वेळ घालवू नका, तो कंपनीने छापलेलाच आहे. वेळ घालवायचा तो न दिसणाऱ्या गोष्टींवर.

कोणत्या गाड्या

माझ्या यादीत पहिली तिसऱ्या पिढीची ऑक्टाविया, म्हणजे २०१३ च्या अखेरीस आपल्याकडे आलेली. १.८ टीएसआय १८० पीएस देते, टॉर्क २५० न्यूटनमीटर. हा २५० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. हीच गाडी १.४ टीएसआयमध्येही मिळायची, आधी १४० आणि नंतर १५० पीएस, सहा गिअरच्या मॅन्युअलसह. कागदावर ती कमी वाटते, पण जुनी घेताना मी तिलाच वरचा नंबर देईन, कारण तिच्यात डीएसजीची, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, डोकेदुखी नाही. डिकी ५९० लिटरची. चतुर्थीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सगळं सामान घेऊन सत्तरीतल्या गावी जाता येतं, वर माणसांना पाय पसरायला जागा उरते.

आरएस २३० (२०१७) आणि आरएस २४५ (२०२०) या खऱ्या अर्थाने जलद ऑक्टाविया, पण त्यांना स्लीपर म्हणणं कठीण. वेगळा बंपर, मोठी चाकं, शिवाय गाड्या मोजक्या आल्यामुळे त्यांची किंमत उतरतच नाही. त्यापेक्षा २०२१ ते २०२३ मध्ये विकली गेलेली चौथ्या पिढीची २.० टीएसआय बघा. १९० पीएस, ३२० न्यूटनमीटर, आणि डीएसजीचा क्लच तेलात बुडालेला. दिसायला अगदी कंपनीने दिलेली साहेबाची गाडी.

स्कोडाच्याच सुपर्बमध्ये २०१६ नंतरची १.८ टीएसआय मॅन्युअल हे दुर्मीळ रत्न: तिथे टॉर्क ३२० न्यूटनमीटर होता, कारण कोरड्या क्लचची मर्यादा सांभाळायची नव्हती. त्याआधीच्या पिढीतली ३.६ व्ही६ (२६० पीएस, चारही चाकांना ताकद) स्वस्तात दिसते तेव्हा मोह होतो. तिच्यात मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या हॅल्डेक्स क्लचचं तेल दर ६०,००० किलोमीटरला बदलावं लागतं, आणि टायमिंग चेन (व्हॉल्व्हची हालचाल पिस्टनशी जुळवणारी साखळी) गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेनचं काम म्हणजे गिअरबॉक्स खाली. ही नोंद नसलेली व्ही६ फुकट मिळाली तरी महाग.

कमी पैशांत फियाट लिनिया टी-जेट. १.४ टर्बो, ११४ पीएस आणि २०७ न्यूटनमीटर, नंतरच्या १२५ एसमध्ये १२५ पीएस. स्टिअरिंग अजूनही हायड्रॉलिक, रस्त्याचा खडा न् खडा हाताला कळतो. पण फियाटने इथला गाशा गुंडाळला, तेव्हा पुढचा बंपर, हेडलाइट, एसीचे भाग यांसाठी भटकायची तयारी हवी. फोर्ड फिगो १.५ टीडीसीआय (२०१५ पासूनची) ही तर गरिबाची रॉकेट: १०० पीएस, २१५ न्यूटनमीटर आणि हलकी बॉडी. फोर्डने २०२१ मध्ये उत्पादन थांबवलं, तरी सर्व्हिस आणि पार्ट्स मिळतात. शेवटच्या वर्षांतली स्कोडा रॅपिड किंवा फोक्सवॅगन व्हेंटो १.० टीएसआय (११० पीएस, १७५ न्यूटनमीटर) अंगाने लहान आणि पळायला चलाख. त्यांच्या ऑटोमॅटिकमध्ये नेहमीचा टॉर्क कन्व्हर्टर आहे, डीएसजी नाही. नव्यातल्या जुन्यात स्कोडा स्लाव्हिया १.५ टीएसआय, १५० पीएस आणि पुन्हा २५० न्यूटनमीटर. मॅन्युअल मिळाली तर सोडू नका.

होंडा अकॉर्ड व्ही६ (३.५ लिटर, २७५ पीएस) एखाद्या जुन्या डॉक्टरांच्या पोर्चमध्ये अजून सापडते. इंजिन दणकट, पण टायमिंग बेल्टवाले. बेल्ट नुसत्या किलोमीटरवर नव्हे, वयावरही बदलायचा. जर्मन डिझेलचा मोह असेल तर बीएमडब्ल्यू ३२०डी आणि ५३०डीच्या एन४७, एन५७ इंजिनांत टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला असते एवढं ध्यानात ठेवा. थंड इंजिन सुरू करताना मागून खरखर आली तर चहा पिऊन परत या.

२५० न्यूटनमीटर आणि कोरडा क्लच

डीक्यू२०० या सात गिअरच्या डीएसजीमध्ये दोन कोरडे क्लच आहेत आणि तो बनवलाच २५० न्यूटनमीटरसाठी. ऑक्टाविया १.८ मुद्दाम त्याच आकड्यावर थांबवली आहे. इंजिनात त्याहून जास्त दम आहे, हे सुपर्ब मॅन्युअलने दाखवलंच. आता कोणी स्टेज वन, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरचा, रीमॅप केला तर इंजिन हसत हसत ३०० च्या पुढे जातं आणि मार खातो तो क्लच. स्लाव्हिया १.५ डीएसजीचंही हेच. म्हणजे ज्या गाडीत रीमॅप सगळ्यात सोपा, तिच्यातच गिअरबॉक्सला राखीव काही नाही.

डीक्यू२०० ची दुखणी दोन प्रकारची. एक क्लचचं: पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, विशेषतः गरम झाल्यावर रेंगाळणाऱ्या ट्रॅफिकमध्ये, गाडी थरथरते. दुसरं मेकॅट्रॉनिकचं, म्हणजे गिअर बदलणाऱ्या हायड्रॉलिक-इलेक्ट्रॉनिक डोक्याचं: गिअरचा आकडा लुकलुकायला लागतो, सम किंवा विषम गिअर एकदम गायब होतात, रिव्हर्स लागत नाही. पहिल्याचा खर्च मोठा, दुसऱ्याचा त्याहून मोठा, आणि दोन्ही मिळून बिल सहज सहा आकडी होतं.

तपासायला पणजीची आल्तिनो टेकडी पुरते. गाडी किमान अर्धा तास चालवून गरम करा, एसी चालू ठेवा. चढणीवर थांबा, ब्रेक सोडून नुसत्या क्लचवर हळूच पुढे सरकू द्या. मग चढणीवरच रिव्हर्समध्ये चार-पाच मीटर मागे चढवा. थरथर, खडखड किंवा जळका वास आला तर क्लच संपत आलाय. मग मॅन्युअल मोडमध्ये एकेक गिअर दोनदा वर-खाली करा. तेलातल्या क्लचच्या डीएसजीत (जुनी सहा गिअरची डीक्यू२५०) दुखणी कमी, मात्र दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदललेलं असलं पाहिजे. ते बिल मागा. “कंपनीत झालंय हो” हे बिल नव्हे.

मॅन्युअल गाडीचा क्लच तपासायची रीत जुनीच: चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमवर एकदम पूर्ण एक्सलरेटर. आकडा वर पळाला आणि गाडी तिथेच, तर क्लच घसरतोय. टर्बो गाडीत हे लवकर दिसतं, कारण टॉर्क खालीच येतो.

रीमॅप होता का, हे कसं ओळखायचं

इथे घाई करू नका. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा हजार-दीड हजाराचा ब्लूटूथ ओबीडी डोंगल घ्या, नाहीतर व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन ही तपासणीची साधनं असलेला माणूस सोबत न्या. फोक्सवॅगन-स्कोडासाठी दुसरा पर्यायच बरा.

सगळ्यात आधी एरर कोड बघू नका, तपासणीची तयारी बघा. गाडीचा कॉम्प्युटर उत्प्रेरक (धूर साफ करणारा भाग), ऑक्सिजन सेन्सर वगैरेंच्या स्वतःच्या चाचण्या करतो आणि त्या पूर्ण झाल्या की नाही हे दाखवतो. कोणी काल रात्री कोड पुसले असतील तर या चाचण्या अपूर्ण दिसतात. एरर एकही नाही आणि चाचण्याही अपूर्ण, तर काहीतरी झाकलंय. बॅटरी काढल्यानेही असं होतं, म्हणून गाडी पन्नास-शंभर किलोमीटर फिरवून पुन्हा बघू असं म्हणा. मालक तयार झाला तर चांगलं, चिडला तर उत्तर मिळालं.

फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत प्रत्येक कोडसोबत तो पडला तेव्हाचे किलोमीटर नोंदलेले असतात. मीटरवर ५२,००० आणि एखाद्या कोडात ८७,००० दिसले तर पुढे बोलणीच नकोत. मीटर मागे फिरवणाऱ्याला सगळी मॉड्यूल सारखी करणं क्वचितच जमतं.

मग बॉनेट उघडा. कंपनीचे पाइप एकदाच दाबून बसवायच्या क्लिपांनी किंवा स्प्रिंगच्या क्लिपांनी धरलेले असतात. त्या जागी स्क्रूड्रायव्हरने आवळायच्या पट्ट्या दिसल्या तर पाइप कधीतरी निघाला होता. का? एअर फिल्टरच्या डब्याचे स्क्रू घासलेले, डब्याशेजारी रिकामी भोकं, तेल जमवायचा डबा बसवल्याच्या खुणा, स्पार्क प्लग कंपनीने दिलेल्यापेक्षा थंड ग्रेडचे. खाली वाकून डाउनपाइपची, म्हणजे टर्बोतून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाची, वेल्डिंग बघा. कंपनीची सरळसोट, बाहेरची नक्षीदार. उत्प्रेरक काढलेला असेल तर थंड इंजिनाच्या धुराला डोळे चुरचुरवणारा कच्च्या पेट्रोलचा वास येतो, पीयूसीचा कागद काहीही म्हणो.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी जोडली की बदललेलं सॉफ्टवेअर कंपनीच्या नोंदीत खूण होऊन राहू शकतं, आणि ती खूण मूळ सॉफ्टवेअर परत टाकूनही पुसली जात नाही. म्हणून खरेदीपूर्वी अधिकृत ठिकाणी तपासणी करून घेणं हा खर्च नव्हे. मालकाला घेऊन जा, फी तुम्ही भरा.

रीमॅप होता म्हणून प्रत्येक गाडी टाकाऊ असं मी म्हणत नाही. चांगल्या ट्यूनरचा, तेल दर ७,५००–८,००० ला बदलून चालवलेला स्टेज वन असेल आणि मालकाने आपणहून सांगितलं असेल, तर तो दोष किमतीत धरता येतो. लपवलेला धरता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं, आणि अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर नेमकं तेच शोधत येतो.

टीएसआयची पोटदुखी

स्कोडा लॉरा आणि २००९ ते २०१५ च्या सुपर्बमधलं १६० पीएसचं १.८ टीएसआय तेल पितं. पिस्टनच्या रिंगा तेल नीट खरवडत नाहीत. कंपनीच्या पुस्तकात हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत चालतं असं लिहिलेलं आहे. ते वाचून विक्रेता निर्धास्त असतो, तुम्ही होऊ नका. डिपस्टिक पुसून बघा, गाडीत अर्धी रिकामी तेलाची बाटली सापडते का बघा. सापडली तर डिकीतून आलेलं ते सगळ्यात प्रामाणिक उत्तर. याच इंजिनांच्या जुन्या टायमिंग चेन टेन्शनरचं दुखणं वेगळं. तो निकामी झाला की चेन उडी मारते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. थंड इंजिन सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद कान देऊन ऐका. म्हणूनच गाडी बघायला जाताना सांगून ठेवायचं: सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागला तर दुसऱ्या दिवशी सकाळी या.

इंजिन चालू असताना तेलाचं झाकण उघडा. थोडी ओढ असणं ठीक. झाकण निघता निघत नाही, शिट्टी येते आणि इंजिन डगमगतं, तर क्रँककेसची हवा सोडणारा पीसीव्ही फाटलाय. हे तुलनेने स्वस्तातलं काम आहे, घासाघीस करायला उत्तम.

तिसऱ्या पिढीच्या ऑक्टावियात तेलाचं दुखणं बरंचसं गेलं, पण वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचा एकत्र प्लास्टिकचा डबा गळतो. तो इनटेकच्या खाली दडलेला, सहज दिसत नाही. टॉर्च मारून गुलाबी-जांभळट वाळलेली खपली शोधा. कूलंटच्या टाकीत पातळी खाली आणि रंग पाण्यासारखा फिका असेल तर कोणीतरी नळाचं पाणी ओतत आलंय. थेट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हवर पडत नाही, त्यामुळे इनटेकच्या व्हॉल्व्हवर काजळी साचते. लाखाच्या आसपास चाललेली गाडी सकाळी थरथरत सुरू होत असेल तर ते साफ करून घ्यावं लागेल.

डोंगलवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती पेट्रोल कमी-जास्त करतोय तो आकडा. दीर्घकालीन आकडा शून्याच्या अल्याड-पल्याड पाच टक्के, तर मस्त. दहाच्या पुढे म्हणजे कुठेतरी हवा गळतेय किंवा इंजेक्टर थकलेत. मग कदंब पठाराच्या सरळ रस्त्यावर, मोकळा असेल तेव्हा, तिसऱ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमपासून मर्यादेच्या आत जमेल तिथवर ओढा आणि मागितलेला बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) व मिळालेला बूस्ट यांची नोंद घ्या. दोन्ही रेषा जवळजवळ चालल्या पाहिजेत. मिळालेला बूस्ट मागे रेंगाळत असेल तर पाइप, डायव्हर्टर व्हॉल्व्ह किंवा टर्बो. सरळ रस्त्यावर शंभरच्या पुढे जाऊन काहीच कळत नाही, चलन मात्र येतं.

पेट्रोलबद्दल एकच. आता पंपावर सर्वत्र २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. दहा-बारा वर्षांच्या टर्बो गाडीचे इंधनाचे रबरी पाइप आणि सील हात लावून बघा, चिरा असतील तर बदला. वर्षभर उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी आधी रिकामी करा.

खारी हवा, लाल माती, तारवट्याची गाडी

गोव्यातल्या जाहिरातींत एक वाक्य ठरलेलं: मालक बोटीवर असतो, गाडी फार कमी चाललीय. बहुतेक वेळा ते खरंही असतं. आपले तारवटी, म्हणजे बोटीवरचे खलाशी, सहा-आठ महिने समुद्रावर असतात, आखातात किंवा पोर्तुगालला असलेल्यांची गाडी तर वर्ष वर्ष झाकून ठेवलेली. किलोमीटर कमी, पण गाडी उभी राहण्यानेही म्हातारी होते. टायर एका जागी चपटे होतात, ८० च्या वेगाला स्टिअरिंग हलकं थरथरतं. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष: ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. खाच शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचा टायर अशा गाडीवर नको. ब्रेक डिस्कवर गंज खोल उतरलेला, कॅलिपरच्या पिना अडकलेल्या, बॅटरी मेलेली, आणि बॉनेटखाली उंदराचा संसार. इंजिनावरचं कव्हर उचलून वायरी बघाच.

मिठाची हवा कुठे बसते हे माहीत असेल तर दहा मिनिटांत कळतं. गाडी लिफ्टवर घ्या. पुढची सबफ्रेम, ब्रेकचे लोखंडी पाइप जिथे क्लिपांत बसतात त्या जागा, सायलेन्सरचे हँगर, मागच्या स्प्रिंगची खालची बैठक, जॅक लावायच्या जागेची शिवण. वरवरचा तांबूस थर चालतो, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पापुद्रे निघाले तर नाही. पुढची जाळी काढून एसीच्या कंडेन्सरच्या पट्ट्या बघा, किनाऱ्यालगतच्या गाड्यांत त्या पिठासारख्या झडतात. बॅटरीची अर्थ वायर हिरवी पडलेली असेल तर अर्धे इलेक्ट्रॉनिक एरर तिथूनच आलेले असतात.

रायबंदर–चोडण फेरीने रोज ये-जा करणारी गाडी ओळखता येते. पुढच्या बंपरची खालची कड रॅम्पवर घासलेली असते आणि खालचा पत्रा खाऱ्या शिंतोड्यांनी काळवंडलेला. डिचोली-सांगे बाजूच्या गाडीत लाल धूळ एअर फिल्टरपासून दाराच्या रबरापर्यंत पोचते. ती धुऊन जाते, पण फिल्टर वेळेवर बदलला नसेल तर टर्बोची पाती खाल्लेली असू शकतात. टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून पात्यांच्या कडा बघा.

पुराची गाडी हा वेगळाच प्रकार. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, आणि दोन्ही इथून काही तासांवर आहेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा: धुतलेल्या गाडीतही तळाच्या दोन वीत पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. स्पेअर चाकाची खोबणी, गालिच्याखालचा स्पंज, फ्यूजबॉक्सच्या पिना, हेडलाइटच्या आतलं पाणी. नवाकोरा गालिचा असलेली आठ वर्षांची गाडी बघून खूश होऊ नका.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र उसनं आणा. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन. एखाद्या पॅनलवर ३०० दिसले तर पुटी आहे. गोव्यात छप्पर आणि बॉनेटवर असे आकडे दिसले की लगेच अपघात समजू नका, अंगणातल्या माडालाही विचारून घ्या.

कागद

जीए-०१ पणजी, जीए-०२ मडगाव, जीए-०३ म्हापसा, जीए-०५ फोंडा, जीए-०६ वास्को. गोव्याचीच गाडी असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर नावबदल, बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. बाहेरची असेल तर मूळ आरटीओची ना-हरकत (फॉर्म २८), मग इथे नवा नंबर (फॉर्म २७) आणि इथला कर नव्याने. जुन्या राज्यातल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो आपल्या हिशेबात आधीच धरू नका. एमएच किंवा केए नंबरची स्वस्त गाडी हा कर आणि हेलपाटे जोडल्यावर बऱ्याचदा जीएच्याच भावात पडते.

आरसीवर वाहनाचा वर्ग बघा. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची रेंट-अ-कॅब नंतर खाजगी करून विकली जाते, आणि पोलो, व्हेंटो, फिगो यांत हे नवल नाही. पर्यटकाने बागा-हणजुणात चालवलेली टर्बो गाडी म्हणजे थंड इंजिनावर पूर्ण एक्सलरेटर आणि गरम इंजिन तसंच बंद. डॅशबोर्डखाली कापलेली जीपीएसची वायर, वेगमर्यादा यंत्र काढल्याच्या खुणा शोधा. पांढऱ्या पाटीवर चोरून भाड्याने दिलेल्या गाडीची कुठेच नोंद नसते. तिथे फक्त सीटची झीज, डिकीतली वाळू आणि चलनांची यादी बोलते. सरकारी पोर्टलवर चलनं बघा, जागा आणि वेळ वाचा. रात्री दोन वाजताची कळंगुटची चार चलनं असलेली गाडी साठीतल्या काकांची नसते.

विमा तुमच्या नावावर चौदा दिवसांत करून घ्या. नो-क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो, तो विकणाऱ्याबरोबर जातो. इंजिनात पाणी गेल्याचं कव्हर गोव्यात घ्याच. १५ वर्षं उलटलेल्या गाडीचं नूतनीकरण झालंय का, किती वर्षांचं, हे आरसीवर वाचा.

घरी आणल्यावर

किमतीच्या वर १५ ते २० टक्के बाजूला ठेवूनच बोलणी करा. पहिल्या आठवड्यात इंजिन तेल (जुन्या टीएसआयला ५डब्ल्यू-४०, व्हीडब्ल्यू ५०२ ०० मान्यतेचं), फिल्टर, प्लग, ब्रेकचं तेल, कूलंट. ब्रेकचं तेल आपल्या दमट हवेत पाणी ओढतं, दोन वर्षांवर ठेवू नका. बेल्टवाल्या इंजिनात बदलल्याचं बिल नसेल तर बेल्ट बदलला नाही असंच धरा, आणि त्यासोबत पंप व टेन्शनरही बदलून घ्या. चांगले टायर याच खर्चात. चारही एकाच कंपनीचे, कंपनीच्याच मापाचे. मोठी चाकं लावलीत की गाडी झोपलेली राहत नाही, शिवाय आपल्या गतिरोधकांवर रिम वाकते.

मे संपायच्या आत सनरूफची चारही गटारं साफ करून घ्या. ऑक्टाविया-सुपर्बमध्ये ती तुंबली की पाणी खांबातून उतरून गालिच्याखाली जमतं, आणि तिथेच वायरींचे जोड असतात. वायपरखालच्या खोबणीत साठलेला पाचोळा हाताने काढा. खालचा पत्रा धुऊन, पूर्ण वाळवून, पोकळ भागांत मेणाचा फवारा मारून घ्या. डांबरासारखा जाड काळा थर नको, त्याच्या मागे ओल अडकते आणि गंज झाकलेला राहतो. फेरीने गेलात किंवा मोरजीच्या वाळूवर गाडी उभी केलीत, तर त्याच संध्याकाळी खालून गोड्या पाण्याने धुवा. उंच दाबाच्या नळीने चाकांच्या कमानी आणि सबफ्रेम, पाच मिनिटं.